पास्त्याची अधिकृत यादी नाही, मग वर्गवारी करायची कशी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकला छोटं दुकान काढताय, देशी आणि इम्पोर्टेड मिळून चाळीसेक प्रकारचा पास्ता ठेवायचाय आणि त्याची नीट यादी करायला बसलात तर एका ठिकाणी साडेतीनशे प्रकार सापडले, दुसरीकडे त्याच्याही वर, फेत्तुचिने आणि तालियातेल्ले एकच का वेगळे ते कळेना, व्हर्मिसेली म्हणजे आपल्या शेवयाच का तेही कळेना, एका कंपनीच्या स्पॅगेटीवर ५ आणि दुसरीच्या स्पॅगेटीवर १२ आकडा का ते तर अजिबातच नाही. आणि शेवटी विचारलंत की याची कुठे सरकारी, पक्की यादी आहे का.

नाही. इटलीतसुद्धा नाही. मी पुण्यात फ्रेश आणि सुका पास्ता करून हॉटेलांना पुरवते, त्याआधी इटलीत बोलोन्याला पोळी लाटण्यापासून शिकले, आणि नव्या शेफ लोकांकडून हाच प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते घोळ नावांचा नाहीये. तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकाच कॉलममध्ये कोंबताय: कशाचा केलाय, कसा केलाय, आणि कोणत्या गावात त्याला काय म्हणतात. हे तीन कॉलम वेगळे केले की साडेतीनशेचा आकडा घाबरवत नाही, कारण त्यातली बरीचशी एकाच आकाराची चार-पाच गावांतली नावं असतात. एक यादी आकार मोजते, दुसरी नावं मोजते, म्हणून आकडे जुळत नाहीत.

पहिला कॉलम पिठाचा. इटलीत यावर कायदा आहे, २००१ सालचा, आणि गंमत म्हणजे तो आकाराबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही, पिठाबद्दल मात्र भरपूर बोलतो. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा (साधा गहू जास्तीत जास्त ३ टक्के मिसळलेला चालतो), ओलावा १२.५ टक्क्यांच्या आत हवा, आणि अंड्याचा पास्ता म्हणायचं असेल तर किलोभर रव्याला किमान ४ अंडी, टरफल सोडून किमान २०० ग्रॅम. ड्युरम म्हणजे काही परदेशी जादू नव्हे, आपला बन्सी गहू ड्युरमच आहे. फ्रेश पास्त्यात मात्र उत्तर-दक्षिण असा मोठा फरक पडतो. बोलोन्याकडे मऊ गव्हाचं बारीक पीठ आणि अंडी, साधारण १०० ग्रॅमला एक अंडं. दक्षिणेला पुलियात वगैरे रवा आणि पाणी, बस्स.

तुमच्या दुकानासाठी तर हा कॉलम सगळ्यात आधी यायला हवा, कारण आपल्याकडे लेबलच्या नियमात अंडं मांसाहारात धरतात, म्हणजे तपकिरी खूण. पिवळ्याधमक घरट्यासारख्या गुंडाळलेल्या तालियातेल्लेच्या पाकिटात बहुतेक वेळा अंडं असतं आणि त्याच्याच शेजारी ठेवलेल्या पेन्नेत नसतं, गिऱ्हाईकाला दिसायला दोन्ही पास्ताच. शिवाय २०११ च्या आपल्या अन्न सुरक्षा नियमांत मॅकरोनी, स्पॅगेटी, व्हर्मिसेली यांना रवा किंवा मैदा दोन्ही चालतात, त्यामुळे देशी पाकिटावर घटक वाचल्याशिवाय ड्युरम समजू नका. मैद्याचा असला तर दोन मिनिटं जास्त शिजला की लगदा, आणि दोष मात्र गिऱ्हाईक स्वतःला देतं.

दुसरा कॉलम, करण्याची पद्धत. हा माझा सगळ्यात आवडता, कारण आकार का तसा आहे याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. ढोबळमानाने चार घराणी धरा: लाटून कापलेला, हाताने वळलेला, साच्यातून दाबून काढलेला, आणि सारण भरलेला.

लाटून कापलेल्यांत फरक फक्त रुंदीचा (आणि थोडा जाडीचा). पोळी तीच, सुरी कुठे ठेवली त्यावर नाव. सगळ्यात अरुंद तालिओलिनी, मग तालियातेल्ले, मग पप्पार्देल्ले, आणि सबंध पान म्हणजे लसान्या. कडेचे वेडेवाकडे तुकडे उरतात त्यांना मालतालियाती म्हणतात, म्हणजे 'वाईट कापलेले', आणि ते आमटीसारख्या घेवड्याच्या सूपमध्ये जातात. यातल्या तालियातेल्लेचं एकटीचं माप मात्र खरोखर नोंदवलेलं आहे. १६ एप्रिल १९७२ ला बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ते जमा केलं, शिजवलेली पट्टी ८ मिलिमीटर रुंद, आणि ते सांगितलंय कसं तर गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. मनोरा ९७ मीटरच्या थोडा वर आहे, भागून बघा, बरोबर येतं. लक्षात ठेवा, हे माप शिजलेल्या पट्टीचं आहे, कच्ची ७ च्या आसपास कापावी लागते. नवीन पोरं कच्ची ८ कापतात आणि मग ताटात ती रुंद दिसते.

मग फेत्तुचिने काय? रोमकडचं नाव. रोमच्या लोकांना विचारलं तर ते जाडीचा फरक सांगतील, बोलोन्याच्या लोकांना विचारलं तर ते विषयच बदलतील. दुकानाच्या यादीत दोन्ही 'अंड्याची रुंद पट्टी' या एकाच गटात टाका आणि नाव पाकिटावर जे असेल ते ठेवा. फक्त घटक बघून, कारण फेत्तुचिने नावाने बिनअंड्याचा सुका पास्ताही सर्रास येतो.

हाताने वळलेल्यांत बघण्यासारखी गोष्ट आहे. पुलियातल्या बायका रव्याच्या कणकेची बोटाएवढी जाड वळी करतात, तिचे तुकडे पाडतात. तुकड्यावर बोटांनी दाब देऊन आपल्याकडे ओढला की तो आत वळतो, मध्ये खोलगट, हा झाला कावातेल्लो. तोच तुकडा बोथट सुरीने ओढला आणि अंगठ्यावर उलटा करून टोपीसारखा बसवला की ओरेक्किएत्ता, छोटा कान. उलटा केल्यामुळे खरखरीत बाजू बाहेर येते आणि भाजी, सॉस तिथे धरून राहतो. कणीक एकच, तुकडा एकच, हाताची हालचाल बदलली की नाव बदललं. म्हणून मी शिकवताना आकाराचा फोटो दाखवतच नाही, हात दाखवते.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही, ज्यांच्या घरी लग्नात रुखवतासाठी वळवट व्हायचं त्यांना विचारा. नखुले म्हणजे तेच, चिमूटभर कणीक दाबून ओढायची. फणीवर फिरवून फणोले, आणि इटलीत एमिलिया-रोमान्याकडे गार्गानेल्ली करतात तेही काडीवर गुंडाळून फणीसारख्या रेघांच्या पाटावर फिरवून, आणि त्या पाटाचं नाव चक्क फणीच आहे. विदर्भातले सरगुंडे काडीभोवती गुंडाळतात, सिसिलीत त्रापानीकडचे बुसियाते पण काडीभोवतीच. गव्हले आणि रिसोनी (तांदळासारखा बारीक पास्ता) शेजारी ठेवलेत तर लांबून ओळखू येणार नाहीत. कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये, ओल्या कणकेचं हाताने जे करता येतं ते सगळीकडे साधारण तेच होतं एवढंच.

फुसिल्लीचा गोंधळही इथेच सुटतो. दक्षिणेतली मूळची फुसिल्ली लोखंडी काडीवर गुंडाळून काढलेली, लांबट. पाकिटात मिळते ती तीन पात्यांची पिळदार फुसिल्ली यंत्राची, साच्यातून येतानाच पीळ पडलेली. अमेरिकेत हिच्या घट्ट पिळाच्या भावंडाला रोतिनी म्हणतात. तुमच्याकडे 'फुसिल्ली' आणि 'रोतिनी' अशी दोन पाकिटं असली तर एकाच खणात ठेवा, खुशाल.

आता साच्यातून काढलेला, म्हणजे तुमच्या चाळीसपैकी बहुतेक. माझ्या युनिटमधलं मशीन सांगते. रवा आणि साधारण तीस टक्के पाणी, त्याची कणीक अशी होतच नाही, ओल्या भुरभुरीत चुऱ्यासारखं असतं, स्क्रू त्याला दाबत पुढे नेतो आणि समोर पितळी साचा असतो. साच्याला नुसतं भोक असेल तर स्पॅगेटी. भोकाच्या मधोमध खिळा असेल तर पोकळ नळी. नळीच्या बाहेरच्या कडेला खाचा असतील तर रेघा, आणि रेघा असतील तर नावात 'रिगाते', नसतील तर 'लीशे'. साच्याच्या तोंडाशी फिरणारं पातं हळू फिरवलं की लांब तुकडा, जोरात फिरवलं की आखूड, म्हणजे रिगातोनी (रेघांची जाड नळी) आणि मेद्झे मानिके (तशीच, पण आखूड) यांत पुष्कळदा फरक पात्याच्या वेगाचा आणि थोडा व्यासाचा. मॅकरोनीची वाकडी नळी कशी होते माहितीये? आतल्या खिळ्याला एका बाजूने खाच असते, तिकडून पीठ लवकर सरकतं, दुसरीकडून उशिरा, मग नळी आपोआप वाकते. वाकवत कुणीच नाही.

पेन्ने मात्र तिरके कापलेले असतात आणि तोंडाशी फिरणाऱ्या पात्याने तिरका काप येत नाही, त्याला वेगळा कटर लागतो. १८६५ साली जेनोआजवळच्या जिओव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रो नावाच्या पास्तावाल्याने तिरक्या कापाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तिथून पेन्ने. तुमच्या यादीत झिती आहे ना, ती गुळगुळीत नळी, सरळ कापलेली. नेपल्समध्ये ती लांबच लांब मिळते आणि घरी हाताने मोडतात, अमेरिकेत आधीच आखूड कापून येते. म्हणजे झिती का पेन्ने हे ओळखायला फक्त टोक बघायचं. (गुळगुळीत पेन्नेबद्दल इटलीतही दोन तट आहेत. २०२० च्या सुरुवातीला लोकांनी घाबरून सुपरमार्केटं रिकामी केली तेव्हा रॅकवर पेन्ने लीशे तेवढे शिल्लक असल्याचे फोटो फिरत होते. मला स्वतःला आवडतात, नेपल्सच्या लोकांनाही.)

सारणवाले सगळ्यात भांडकुदळ. इथे गावागणिक नाव बदलतं: पिएमोन्तेत आन्योलोत्ती, पार्मात आनोलिनी, रोमान्यात कॅप्पेल्लेत्ती, बोलोन्यात तोर्तेल्लिनी. आकारावरून ओळखायला गेलात तर फसाल, सारणावरून बघा. तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी यांत फक्त लहान-मोठ्याचा फरक वाटतो, पण बोलोन्यात तोर्तेल्लिनीत डुकराचं मांस, प्रोशुत्तो आणि मोर्तादेल्ला (हे दोन्हीही डुकराचेच), पार्मिजानो चीज आणि जायफळ असतं, तर तोर्तेल्लोनीत रिकोत्ता, म्हणजे पनीरासारखं मऊ चीज. तुमच्या दुकानात हा फरक आकाराचा नाही, गिऱ्हाईकाच्या धर्माचा आणि उपासाचा आहे, तेव्हा या खणात नावावर अजिबात विश्वास ठेवू नका.

इथपर्यंतचं एका दमात: पीठ कुठलं आणि अंडं आहे का, मग चारपैकी कुठल्या पद्धतीने केलाय, मग लांब का आखूड का सूपमध्ये टाकायचा बारीक. एवढं झालं की तुमचे चाळीस प्रकार सात-आठ गटांत बसतात. त्यानंतर नाव.

नावाची शेपटी वाचायला शिकलात तर निम्मं काम होतं. शेवटी 'इनी', 'एत्ते', 'एल्ले' असेल तर लहान, 'ओनी' असेल तर मोठं, 'आच्ची' असेल तर मोठं आणि ओबडधोबड. कोंकिल्ये म्हणजे शिंपले, कोंकिल्येत्ते बारीक सूपवाले, कोंकिल्योनी सारण भरण्याएवढे मोठे. स्पॅगेत्तिनी, स्पॅगेटी, स्पॅगेत्तोनी तसंच. पण शेपटी फक्त त्याच घरात लहान-मोठं सांगते, एका घरातला 'ओनी' दुसऱ्या घरातल्या साध्यापेक्षा लहान असू शकतो. आणि काही शेपट्या इतक्या जुन्या झाल्यात की मूळ शब्द कुणी वापरतच नाही, लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा, पण पास्त्यात मोठ्या जिभा शोधायला जाऊ नका. लिंग्विनेला लिगुरियात त्रेनेत्ते म्हणतात आणि काही पाकिटांवर बावेत्ते, तिन्ही थोड्या चपट्या स्पॅगेटीच.

उलटा सापळाही असतो, नाव एक आणि वस्तू दोन. स्त्रोत्झाप्रेती, म्हणजे 'पाद्र्याचा गळा घोटणारे', रोमान्यात पिळलेल्या पट्ट्या असतात आणि तोस्कानात पालक-रिकोत्ताचे गोळे. 'ओर्झो' मागितलंत तर इटलीत बार्लीच देतील, तांदळासारख्या पास्त्याला तिथे रिसोनी म्हणतात, पण जगभरच्या पाकिटांवर मात्र ओर्झो. त्यात बार्ली नाही, गहू आहे, ग्लुटेन टाळणाऱ्या गिऱ्हाईकाला हे सांगावंच लागतं.

आणि तुमची व्हर्मिसेली. इटलीत, विशेषतः नेपल्सकडे, वर्मिचेल्ली ही स्पॅगेटीपेक्षा किंचित जाडच असते. अमेरिकेत उलट. तिथल्या अन्न-नियमात हे चक्क इंचात लिहिलंय: ०.०६ इंचापर्यंत, म्हणजे दीड मिलिमीटरपर्यंत व्हर्मिसेली, त्याच्या वर ०.११ इंचापर्यंत स्पॅगेटी, आणि ०.११ ते ०.२७ इंचाची नळी ती मॅकरोनी. आणि आपल्याकडे व्हर्मिसेली म्हणजे खिरी-उपम्याच्या बारीक शेवया, बऱ्याचदा भाजलेल्या. तीन देश, तीन जाड्या, एकच शब्द. मॅकरोनीचंही तेच, दक्षिण इटलीत माक्केरोनी हा शब्द पूर्वी सगळ्याच पास्त्याला वापरायचे, आपल्याकडे ती वाकडी नळी एवढीच. त्या वाकड्या नळीला इटलीत गोमिती म्हणतात, म्हणजे कोपर.

काही नावांत तर आकार शोधूच नका. माफाल्दिने ही दोन्ही कडांना झालर असलेली पट्टी, सावोया घराण्यातल्या राजकन्या माफाल्दाच्या नावाने. मारिल्ले १९८३ मध्ये गाड्यांचा डिझायनर जुजारो याने व्होइएल्लो कंपनीसाठी कागदावर आखून काढला, फार चालला नाही. कास्कातेल्ली तर २०२१ सालचा, अमेरिकेतला. म्हणजे यादी बंद होणारी नाहीच, शेवटी दोन-चार रिकाम्या ओळी ठेवा.

आकड्यांचं उत्तर सोपं आहे. ते ज्या त्या कंपनीचे कॅटलॉग नंबर आहेत. बारिल्लाच्या लांब पास्त्यात १ कापेल्लिनी, ३ स्पॅगेत्तिनी, ५ स्पॅगेटी, ७ स्पॅगेत्तोनी, असा जाडीचा चढता क्रम. दे चेक्कोचं ९ कापेल्लिनी, १० फेदेलिनी, ११ स्पॅगेत्तिनी, १२ स्पॅगेटी. आणि दे चेक्कोचा ७ नंबर म्हणजे लिंग्विने. तेव्हा नंबर कंपनीच्या नावाशिवाय लिहिलात तर ऑर्डर देताना भांडण ठरलेलं, मी तरी माझ्या पुरवठादाराला नेहमी कंपनी, नंबर, नाव असं तिन्ही लिहून पाठवते.

आता कशावर अवलंबून आहे ते. मी वर जो क्रम सांगितला, पीठ-पद्धत-लांबी-नाव, तो दुकानासाठी. तुम्ही हॉटेल चालवत असता तर मी लांबी आणि शिजायचा वेळ आधी घ्यायला सांगितलं असतं, कारण तिथे दोन आकार एका भांड्यात पडता कामा नयेत एवढंच महत्त्वाचं. घरी डब्यांवर चिकटवायचं असेल तर सॉसवरून करा, पातळ टोमॅटोला लांब, मटणाच्या रश्शासारख्या जाड सॉसला रुंद पट्टी नाहीतर रेघांची नळी, सूपला बारीक. यातला कुठलाही क्रम चुकीचा नाही, फक्त एकाच यादीत दोन क्रम मिसळू नका. आणि 'ब्राँझ डाय' असं पाकिटावर असलं तर तो आकार नव्हे, साच्याचा धातू आहे. पितळी किंवा काशाच्या साच्यातून पास्ता पांढुरका, खरखरीत येतो, टेफ्लॉनमधून पिवळा आणि गुळगुळीत. त्याला वेगळा कॉलम द्या, किंमत त्यावरच ठरते.

सुरुवात व्हर्मिसेलीपासून करा असं मी सुचवेन, कारण तिथेच सगळ्यात जास्त गिऱ्हाईकं परत येतील. जेवढ्या कंपन्यांची ठेवणार असाल त्यांचं एकेक पाकीट फोडा, साधा व्हर्नियर कॅलिपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याने कच्च्या काडीची जाडी मोजा आणि नावापुढे मिलिमीटर लिहा. दीडच्या आतलं शेवयांच्या खणात, त्याच्या वरचं स्पॅगेटीच्या. भाजलेली असेल तर तेही लिहा, नाहीतर कुणीतरी घरी जाऊन परत भाजेल.